डाव्या कानाचं पाणी

मास्तरांच्या घरात सध्या दोन माणसं राहत होती आणि ती तिसरीच्या मार्फत बोलत होती. तिसरी म्हणजे मास्तरांची बायको. थोरल्या मुलीला मूल झालं म्हणून ती दीड महिन्यासाठी तिच्याकडे गेली होती, तीनशे किलोमीटर लांब. त्यामुळे ‘मोरीचा नळ टपकतोय’ ही बातमी मास्तरांच्या तोंडून निघून तीनशे किलोमीटर जायची, तीनशे किलोमीटर परत यायची आणि भिंतीपलीकडच्या खोलीत धाकटीच्या फोनवर पोचायची. मग धाकटी उठून नळ घट्ट करायची.

आठवड्याभरात बायको कावली.

"इथे मी बाळाकडे बघू की तुमचे निरोप पोचवू? एका छपराखाली आहात ना दोघं? देवाने तोंड दिलंय ना?"

"तिला सांग, दिलंय म्हणून," मास्तर म्हणाले.

मास्तर कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. काकड्या, गाजरं, फ्लॉवर असल्या भाज्या मिठाच्या पाण्यात मुरवून बरण्यांत भरणारा एक कारखाना होता, आणि तिथे एकतीस वर्षं ते पाणी चाखत होते, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. टाकीत बोट बुडवायचं, जिभेला लावायचं, डोळे मिटायचे आणि आकडा सांगायचा. "साडेसात टक्के." "आठ." पाण्यात मीठ कमी पडलं तर काकडी लिबलिबीत होते, जास्त पडलं तर सुरकुतते, म्हणून मास्तरांनी मान हलवल्याशिवाय एकही टाकी बंद होत नसे. तीन वर्षांपूर्वी नव्या मॅनेजरबाई आल्या आणि त्यांनी काचेची एक तरंगती नळी आणली. ती पाण्यात सोडली की आकडा दिसतो. कानामागून आली आणि तिखट झाली, असं सगळ्यांना वाटलं. पहिल्याच महिन्यात नळीने साडेसहा सांगितलं आणि मास्तरांनी आठ. नळी उलटीसुलटी करून पाहिली तर तिला बुडाशी केसाएवढी चीर गेलेली. तेव्हापासून मॅनेजरबाई नळीला टेबलाच्या खणात आणि मास्तरांना डोक्यावर ठेवत आल्या होत्या.

येत्या शुक्रवारी अकरा वाजता एका मोठ्या गिऱ्हाइकाची माणसं कारखाना बघायला येणार होती. मॅनेजरबाईंनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की पाच पेले मांडू, पाचांत वेगवेगळं मीठ घालू, आणि आमचे मास्तर नुसत्या जिभेने पाचही आकडे सांगतील. अडचण एवढीच होती की मास्तरांना चार महिन्यांपासून खारट लागत नव्हतं.

चार महिन्यांपूर्वी त्यांना आठ दिवस ताप आणि सर्दी झाली होती. ताप गेला, सर्दी गेली, आणि जाताना चव घेऊन गेली. सुरुवातीला मास्तरांनी बायकोच्या हाताला दोष दिला. ताटात वरून मीठ घ्यायला लागले. बायकोने मिठाची बाटली टेबलावरून उचलून कपाटात ठेवली. कारखान्यात मात्र त्यांचं काही अडलं नाही, कारण दोन हजार लिटर पाण्यात पंचवीस किलोची सात पोती गेली की आठ टक्के होतात हे कुणालाही गणिताने सांगता येतं. मास्तर येता-जाता रिकामी पोती मोजत, मग टाकीत बोट बुडवत, डोळे मिटत आणि आकडा सांगत. डोळे पूर्वीपेक्षा जरा जास्तच वेळ मिटत.

पण पेल्यांशेजारी कुणी पोती ठेवत नाही. मास्तर घाबरले होते. टाक्या कुणीही भरू शकतं, पोती कुणीही मोजू शकतं. जीभ गेली तर आपल्याकडे दाखवायला काय उरतं, हा प्रश्न त्यांना दाढी करताना, बस पकडताना आणि बूट घालताना पडायचा. हे कुणाला सांगावं तर बायको फोनवर, आणि धाकटीशी तर बोलणंच नव्हतं.

ते का नव्हतं, तेही सांगायला हवं. धाकटी दातांच्या कॅप बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती आणि दुसऱ्या गावात राहायची. तीन वर्षांपूर्वी ती कानांच्या पाळ्या ताणून घरी आली, तेव्हा पाळ्यांतली भोकं मटारच्या दाण्याएवढी होती. मास्तरांनी ताटातून मान वर करून पाहिलं आणि म्हणाले, "असा माल आमच्याकडे परत पाठवतात." जिभेला हाड नसतं, आणि जिच्यावर आख्खा कारखाना चालतो त्या जिभेला तर नसतंच नसतं. त्यांना विनोद करायचा होता. धाकटीने जेवण संपवलं, ताट धुतलं, पुसलं, जागेवर ठेवलं आणि गेली. नंतर ती सणावारी, आजारपणाला, सगळ्याला आली. बापाशी बोलली नाही. बापानेही पहिला शब्द काढला नाही. आपण चुकलो हे त्याला त्याच रात्री कळलं होतं, पण चूक कळणं आणि ती तोंडाने म्हणणं यांत बापलोकांच्या हिशेबी पुष्कळ अंतर असतं.

आता या गावातल्या लॅबमधली एक बाई रजेवर गेली म्हणून धाकटीला महिनाभर इथे पाठवलं होतं. "घर असताना खोली घ्यायची नाही," असा आईचा हुकूम होता. एव्हाना भोकं कोटाच्या बटणाएवढी झाली होती आणि त्यांत काळ्या चकत्या होत्या. नाकापेक्षा मोती जड म्हणतात. इथे मोतीच नव्हता, भोकच जड झालं होतं.

रविवारी सकाळी मास्तर स्वयंपाकघरात चहा घेत होते. धाकटी आली. भोक वाढवायला चकती हळूहळू मोठी करत न्यायची असते; तिने उतावीळपणा करून बारा मिलिमीटरची चकती काढून चौदाची घातली होती, आणि डावी पाळी लाल होऊन टम्म सुजली होती. मोठी चकती काढून तिने परत लहान घातली होती, पण कडेने पाणी येत होतं. तिने कपात कोमट पाणी ओतलं, मिठाचा डबा उघडला, तीन बोटांत मीठ धरलं आणि खिडकीबाहेर बघत कपात सोडलं.

मास्तरांनी चहा खाली ठेवला. तीन वर्षं मूग गिळून बसता येतं. पण खिडकीबाहेर बघत टाकलेलं मीठ एकतीस वर्षांच्या नोकरीला गिळता येत नाही.

"किती टाकलंस?"

धाकटीने मागे वळून पाहिलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

"चिमूटभर."

"चिमूट हे काय माप झालं? कुणाची चिमूट? तुझी, माझी, का पैलवानाची?"

"कान टोचणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, कपाला पाव चमचा. त्यात पाच मिनिटं पाळी बुडवायची. दिवसातून दोनदा."

"चमचा कुठला? सपाट का शिगोशीग? मीठ जाडं का बारीक? एवढं विचारायला काय झालं होतं?"

"त्या कान टोचतात, बाबा."

तीन वर्षांत ऐकलेला हा पहिला ‘बाबा’. मास्तर उठले आणि त्यांनी तो कप मोरीत ओतून टाकला.

"सर बाजूला. लिटरला नऊ ग्रॅम घालायचं असतं. अंगातलं पाणी असतं ना, तेवढंच खारट. जास्त नाही, कमी नाही."

त्यांनी पातेल्यात अर्धा लिटर पाणी उकळलं, कोमट होऊ दिलं. वजनकाटा माळ्यावर होता, केक करायच्या भांड्यांच्या मागे. जीभ तोंडात होती. शिडी आणायची म्हणजे जीभ चालत नाही असं मुलीसमोर कबूल करायचं, असं मास्तरांना वाटलं, आणि तिथेच घोळ झाला. त्यांनी चहाचा एक चमचा मीठ घातलं, ढवळलं, बोट बुडवून चाखलं. काही नाही. दुसरा चमचा. काही नाही. तिसरा, चौथा. पाचव्याला जिभेच्या टोकावर काहीतरी टोचलं. बारीकसं, पण खारटच.

आली, मास्तर मनात म्हणाले. परत आली! त्यांना इतका आनंद झाला की चमचा हातातून पातेल्यात पडला.

"आता बरोबर आहे," ते म्हणाले.

टेबलावर दोन जाड वह्या ठेवून त्यांवर वाटी ठेवली. धाकटी खुर्चीत बसली, मान डावीकडे टाकली आणि पाळी वाटीत बुडवली. तिचे खांदे एकदम वर गेले. डोळ्यांत पाणी आलं.

"काय झालं?"

"वाफ," धाकटी म्हणाली.

पाणी कोमट होतं आणि वाफ कुठे दिसत नव्हती. पण मास्तरांचं सगळं लक्ष जिभेकडे होतं.

पाच मिनिटं हा फार विचित्र वेळ असतो. कान वाटीत असलेल्या माणसाला उठून जाता येत नाही, आणि समोर बसलेल्याला नुसतं बघत राहता येत नाही. मास्तर तीन वर्षांपूर्वीच्या चिरलेल्या नळीबद्दल सांगायला लागले. ती गोष्ट संपेपर्यंत पाच मिनिटं झाली. संध्याकाळी त्यांनी उरलेलं पाणी कोमट केलं आणि फ्लॉवरच्या टाकीत एकदा चष्मा पडला होता त्याची गोष्ट सांगितली. सोमवारी सकाळी धाकटी बोलली. तिरक्या मानेने, अर्धं तोंड वाटीशी टेकवून तिने सांगितलं की दातांचा पांढरा एक नसतो, सोळा पांढरे असतात, आणि शेजारच्या दाताशी जुळणारा नेमका पांढरा तिला बघताच कळतो.

"त्याला काही नळीबिळी नसते?" मास्तरांनी विचारलं.

"मशीन आहे ना. पण सगळे मलाच विचारतात."

मास्तरांची छाती फुगली. खाण तशी माती, असं ते उघड म्हणाले नाहीत, पण कारखान्यात दोघांना धाकटीचा फोटो दाखवला. फोटोत कान दिसत होते. त्यांनी ते कापले नाहीत.

मंगळवारी टाकीत बोट घातल्यावर जीभ पुन्हा टोचली, रविवारपेक्षा जोरात. मास्तर ताठ मानेने मॅनेजरबाईंच्या केबिनमध्ये गेले.

"शुक्रवारी पाच पेले कशाला?" ते म्हणाले. "सहा मांडा."

त्याच संध्याकाळी, धाकटीचा कान पाण्यात असताना, त्यांनी घसा खाकरला.

"त्या वेळी मी ते जे बोललो, मालाचं..."

"हा कान पाण्यात आहे, बाबा."

"दुसरा आहे की वर."

"त्याने ऐकलं," धाकटी म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. मास्तरांना वाटलं, मिटवलं तिने. त्यांना इतकं हलकं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं. त्या रात्री ते दोन पोळ्या जास्त जेवले आणि भाजीला चव नाही असं एकदाही म्हणाले नाहीत.

कान मात्र बरा होईना. बुधवारी पाळीची कातडी कोरडी पडून तडकली होती आणि भोकाच्या कडेला बारीक भेग दिसत होती.

"हात लावतेस का सारखा?"

"नाही."

"उशीवर घासत असेल. का पाणी पुरत नाहीये?"

धाकटीने वाटी पुढे ओढली.

"पुरतच नाहीये," मास्तरांनी ठरवलं. "उद्यापासून तीनदा."

गुरुवारी संध्याकाळी मास्तर लवकर घरी आले. सकाळी केलेल्या अर्ध्या लिटरपैकी पाव लिटर पातेल्यात राहिलं होतं. धाकटी यायच्या आत गरम करून ठेवावं म्हणून त्यांनी ते गॅसवर चढवलं आणि तेवढ्यात बायकोचा फोन आला. बाळाला जावळ किती आहे, ते रडतं कसं, थोरलीची झोप होते का, सगळं यथासांग झालं.

"आणि तुम्ही जेवता ना नीट?"

"जेवतो. आपल्या धाकटीच्या भाजीला मीठ कमी असतं, बाकी ठीक."

"माझ्याही भाजीला तुम्ही चार महिने हेच म्हणताय," बायको म्हणाली. "एकदा डॉक्टरला दाखवा."

फोन ठेवून मास्तर स्वयंपाकघरात आले तेव्हा पाणी पार आटलं होतं. त्यांनी गॅस बंद केला आणि पातेल्यात पाहिलं.

पातेल्याचा तळ पांढरा झाला होता. कडेनेही पांढरी साय चढली होती. दुसऱ्या कुणी ते पातेलं घासायला टाकलं असतं. पण टाकीतलं पाणी आटल्यावर मागे किती मीठ राहतं हे मास्तरांनी एकतीस वर्षं पाहिलं होतं, आणि पाव लिटरला एवढा थर येत नाही. ते शिडी घेऊन आले. माळ्यावर चढले, केकची भांडी खाली उतरवली, वजनकाटा काढला. पातेलं सुरीने खरवडलं आणि सगळं मीठ कागदावर घेऊन काट्यावर ठेवलं. पाव लिटरला सव्वादोन ग्रॅम हवं होतं. काट्याने साडेतेरा दाखवलं.

सहापट. मास्तर खुर्चीत बसले. रविवारपासून रोज दोनदा, आजच्या सकाळसकट. टाकीतल्या काकडीला थोडंसंच कमी पडेल एवढं मीठ त्यांनी मुलीच्या उघड्या जखमेला लावलं होतं, आणि वर गोष्टी सांगितल्या होत्या. जीभ परत आलीच नव्हती, हा विचार त्यानंतर बऱ्याच वेळाने आला, आणि आला तेव्हा आधीच्या विचारापुढे तो लहान होता. याचं मास्तरांनाच नवल वाटलं.

साडेसहाला धाकटी आली. टेबलावर वजनकाटा, त्यावर मीठ, समोर बाप.

"जळत होतं?" मास्तरांनी विचारलं.

तिने काट्यावरचा आकडा पाहिला. पर्स खुंटीला अडकवली.

"हो."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो."

"ती वाफ?"

"वाफ नव्हती."

"तुला कळत होतं, पाणी जास्त खारट आहे ते?"

"सोमवारी मी त्या बाईंना फोन केला होता. त्या म्हणाल्या, जळलं म्हणजे मीठ जास्त झालंय, त्यात साधं पाणी घाल. नाहीतर कातडी फाटेल."

"मग घातलं का नाहीस? मला बोलली का नाहीस?" मास्तरांचा आवाज चढला. "तोंड आहे ना तुला?"

धाकटीने खुर्ची ओढली आणि बसली.

"तुम्ही बोलत होतात ना," ती म्हणाली.

मास्तरांचे डोळे भरून आले. ते त्यांनी पुसले नाहीत, कारण पुसले असते तर ते दिसलं असतं. न पुसल्यानेही दिसलंच.

"मला खारट कळत नाही," ते म्हणाले. "तापानंतर. चार महिने झाले. आईला सांगितलेलं नाही. कारखान्यात कुणाला सांगितलेलं नाही. रविवारी मला वाटलं, आली परत. म्हणून घालत राहिलो."

"उद्या ते पेले आहेत ना?"

"सहा आहेत," मास्तर म्हणाले. "माझ्याच कृपेने."

त्यांनी फोन उचलला आणि तिच्यासमोरच मॅनेजरबाईंना लावला.

"उद्या पेले मांडू नका. माझी जीभ गेली आहे. चार महिने मी पोती मोजून आकडे सांगतोय."



"एखादा आकडा चुकला का?" मॅनेजरबाईंनी विचारलं.

"नाही."

"हे तुम्ही मला आज सांगताय. गिऱ्हाईक उद्या येतंय."

"हो."

"मी त्यांना काय सांगू?"

"जे आहे ते."

"सकाळी आठला या," मॅनेजरबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्यांच्या आवाजावरून मास्तरांना काही कळलं नाही. सकाळी आठला कळणार होतं, आणि जे कळेल ते कळेल.

तोवर धाकटीने आरशापुढे डावी चकती काढली होती. भेग चकतीखाली आणखी आत गेली होती.

"हे भोक एवढं राहणार नाही आता," ती म्हणाली. "रिकामंच ठेवावं लागेल. आकसत आकसत निम्म्यावर येईल."

"किती दिवसांचं काम होतं ते?"

"तीन वर्षांचं."

मास्तरांनी मान खाली घातली. "माझ्यामुळे," ते म्हणाले.

"तुमच्यामुळे," धाकटी म्हणाली. "आणि मी गप्प बसले म्हणून."

"परत ताणणार?"

"जखम भरली की. हळूहळू."

मास्तरांनी नवं पाणी उकळलं. मापाने अर्धा लिटर. कागद काट्यावर ठेवला, काटा शून्यावर आणला आणि साडेचार ग्रॅम मीठ मोजलं. दोन दाणे जास्त होते ते बोटाने उचलून परत डब्यात टाकले. पाणी कोमट झाल्यावर सवयीने बोट बुडवायला गेले, आणि हात मागे घेतला.

"तू चाख."

धाकटीने चाखलं. "जेमतेम लागतंय."

वह्यांवर वाटी आली. तिने मान तिरकी करून पाळी बुडवली. मास्तर समोर बसले.

"जळतंय?"

"नाही."

"खरं सांग."

"नाही जळत, बाबा."

एक मिनिट गेलं. मास्तरांना काही सुचेना. टाक्यांच्या गोष्टी पाच दिवसांत सांगून झाल्या होत्या, आणि उद्यापासून टाक्यांशी आपला काय संबंध राहील ते त्यांना माहीत नव्हतं. घड्याळ चालत होतं. धाकटी वाटीवरून एका डोळ्याने त्यांच्याकडे बघत होती.

"उठू का मग?" तिने विचारलं.

"का? पाच मिनिटं कुठे झाली?"

"नाही, तुम्ही गप्प आहात म्हणून."

मास्तरांनी खुर्ची पुढे ओढली, इतकी की त्यांचे गुडघे टेबलाला लागले.

"जळत नसलं तरी बोलेन मी," ते म्हणाले. "हलू नकोस."